रेणूचं इंजिन आणि आमचं गुरुवारचं मंडळ

उडदाची डाळ अंगणात वाळत घातली की चिमण्यांना आवतण द्यावं लागत नाही. किश्शांचंही तसंच आहे. घरातली पोर पायलट व्हायला निघाली आणि आमच्या गुरुवारच्या मंडळात एकेक किस्सा आपणहून येऊन बसायला लागला. आता पोथी संपते, आरती होते, तरी बायका उठत नाहीत. प्रसादाचा शिरा हातात धरून म्हणतात, "हं सुमन, तो इंजिनचा सांग!"

मंडळ म्हणजे महागावातल्या आम्ही दहा-बारा जणी. त्यातल्या दोघी लक्षात ठेवल्या तरी पुरे. एक शोभाताई. कापूस-सोयाबीनचं सगळं शेत ती स्वतः बघते, आणि तोंडानं फटकळ! दुसऱ्या कुसुमकाकू, सगळ्यांत वडील. हळदीकुंकवाची डबी त्यांच्या पिशवीत कायम असते. आणि पोर म्हणजे माझी रेणुका. माहूरच्या देवीचं नाव ठेवलं, घरात रेणू म्हणतो.

रेणू पायलटचं लायसन घेऊन घरी आली तेव्हा मला वाटलं, झालं! आता उद्यापासून विमान. तर ती म्हणाली, "नाही आई. हे लहान विमानांचं. मोठं विमान चालवायचं तर त्या एका जातीच्या विमानाचं वेगळं शिक्षण घ्यावं लागतं. टाइप रेटिंग म्हणतात त्याला."

शोभाताईला लगेच कळलं. "म्हंजे स्कूटर येते म्हून कोनी ट्रकची चाबी देत नाई!"

पण खरी मेख पुढेच होती. विमानाची जात आपणच निवडायची, पैसेही आपणच भरायचे. आणि उद्या नोकरी देणाऱ्यांकडे त्या जातीची जागाच निघाली नाही, तर शिक्षण पेटीत पडून राहणार! आमचे हे सरकारी कचेरीत हेडक्लार्क. आमच्याकडे पैसे एकदा भरण्यापुरतेच होते. चुकलो तर दुसऱ्यांदा भरायला काही नव्हतं.

•

निवडायचं होतं तीन विमानांमधून. त्यांची नावं म्हणजे नुसते आकडे. माझ्या काही ते लक्षात राहीनात, म्हणून मी माझी नावं ठेवली. बाजूच्या छोट्या दांडीनं चालतं ते दांडीवालं. समोर स्टिअरिंगसारखं असतं ते हँडलवालं. आणि तिसरं पंख्याचं.

रेणू रात्रंदिवस मोबाइलवर सीनियर मुलांना विचारायची. एक म्हणे हे घे, दुसरा म्हणे ते घे. शेवटी मी आपला आमचा उपाय केला. गुरुवारी देवीपुढे तीन चिठ्ठ्या टाकल्या. मंडळ सगळं हात जोडून बसलेलं. मी चिठ्ठी उचलणार, तेवढ्यात शोभाताई म्हणाली, "थांब व! रेणू, मले एक सांग. जे नोकरी देनार हायेत, त्यायच्याकडं कोन्तं इमान जास्त हाय? आन् नवीन कोन्तं येऊन राह्यलं?"

रेणू म्हणाली, "दोन्हीला उत्तर एकच, मावशी. दांडीवालं."

"मंग कायले डोकं खाजवता? बाजारात ज्या मालाले गिऱ्हाईक हाय, तेच पेरा ना!"

इतकी मोठी गोष्ट आणि इतकी सोपी! मी चिठ्ठ्यांकडे बघून विचारलं, "मग यातली एक उघडू का?"

शोभाताई म्हणाली, "राहू दे. देवीनंच मले पाठोलं असं समज!"

त्या तीन चिठ्ठ्या अजून देव्हाऱ्यातल्या डबीत आहेत. उघडायचा धीर होत नाही!

•

मग प्रश्न आला, शिकायचं कुठे? रेणूनं दोन ठिकाणी चौकशी केली होती. एका ठिकाणचा माणूस फोनवर यांच्याशी फार गोड. "सर, नोकरी शंभर टक्के! फक्त सगळे पैसे या आठवड्यात भरा." दुसऱ्यांनी सरळ सांगितलं, "नोकरीची हमी आम्ही देत नाही. टप्प्याटप्प्यानं भरा. आधी येऊन मशीन बघून जा."

हे म्हणाले, "जो नाही म्हणतो, त्याच्याकडे जाऊ."

म्हणून आम्ही तिघं हैदराबादला गेलो. आणि काय सांगू! देवळाच्या सभामंडपापेक्षा उंच हॉल, आणि मध्ये सहा लोखंडी पायांवर उभी एक पांढरी खोली. त्या खोलीतच विमानाचा पुढचा भाग, जसाच्या तसा. सिम्युलेटर म्हणतात त्याला. ती जमिनीवरून कुठेच जात नाही, पण आत बसलेल्याला वाटतं आपण आभाळात आहोत! दाराशी माझा हात आपोआप खाली गेला आणि मी चपला काढल्या.

आत सगळीकडे बटणं. समोरच्या काचेतून धावपट्टी दिसत होती, भर दुपारची. तिथल्या सरांनी एका बोटानं काहीतरी दाबलं आणि दुपारची पहाट झाली! आभाळ हळूहळू केशरी होत गेलं आणि सूर्य वर आला. मी हात जोडले.

सर हसून म्हणाले, "मॅडम, ये तो मशीन है."

मी म्हटलं, "मशीनला नाही हो, मी सूर्यनारायणाला नमस्कार केला!"

सर काचेकडे वळले. आणि खरं सांगते, मला पटकन वाटून गेलं की त्यांनीही एकदा त्या सूर्याकडे नीट बघितलं.

•

पैसे होते मुदत ठेवीत. रेणूच्या लग्नासाठी ठेवलेले. ती ठेव मोडायला हे बँकेत गेले, मी सोबत. काउंटरवरचा मुलगा ओळखीचा. कागद बघून त्याचा चेहरा फुलला.

"काका, लग्न जमलं वाटतं! अभिनंदन! स्थळ कसं आहे?"

हे तसे अबोल. चष्मा पुसत म्हणाले, "चांगलं आहे. दोन इंजिनं आहेत."

•

मग रेणूला तारीख मिळाली, पण अडीच-तीन महिन्यांनंतरची. तोवर घरी सराव करायचा. त्यासाठी विमानातल्या सगळ्या बटणांचं चित्र भिंतीवर लावतात म्हणे, खऱ्याएवढं मोठं. ती फाइल घेऊन आम्ही फ्लेक्सवाल्याकडे गेलो. तो वाढदिवसांचे बॅनर छापणारा. त्यानं स्क्रीनवर चित्र उलटसुलट करून बघितलं.

"ताई, याच्यात फोटो कोनाचा टाकू?"

"कोणाचाच नाही."

"मंग खाली शुभेच्छुक?"

"अरे दादा, नुसतं हेच छापायचं!"

बिचारा फार अस्वस्थ झाला. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स घरी आणून उलगडला. सगळी बटणं अगदी जागच्या जागी. आणि खाली कोपऱ्यात, त्याच्या मनानं, पिवळ्या अक्षरांत: "हार्दिक शुभेच्छा!"

रेणूनं ते कापलं नाही.

फ्लेक्स बैठकीच्या भिंतीवर लागला, त्या गुरुवारी मंडळ दर्शनाला आलं. दर्शनालाच म्हणायचं! कुसुमकाकूंनी पिशवीतून डबी काढली आणि कुंकवाचं बोट एका लाल बटणाकडे नेलं.

रेणू ओरडली, "काकू, तिथे नको! ते इंजिनला आग लागली तर दाबायचं बटण आहे!"

काकू म्हणाल्या, "मंग तं आधी तिथंच लावा लागते, माय!"

•

सरावाला जोडीदार लागतो. मोठ्या विमानात दोघं असतात, डाव्या खुर्चीत कॅप्टन, उजव्या खुर्चीत दुसरा पायलट. एकानं यादीतलं एकेक नाव वाचायचं, दुसऱ्यानं हात लावून उत्तर द्यायचं. महागावात दुसरा पायलट आणायचा कुठून? डावी प्लास्टिकची खुर्ची माझ्या वाट्याला आली!

मी देवनागरीत लिहून घेतलं होतं. "पार्किंग ब्रेक?" "सेट!" "फ्लॅप्स?" लवकरच माझी चाल बसली, थेट आरतीची. पण माझं खरं लक्ष रेणूच्या हातांवर. डोळे मिटून ती हात वर नेई आणि बोट बरोबर त्याच बटणावर! शेकडो बटणं, आणि एकदाही चूक नाही. लहानपणी हिला भाकरीचा काठ साधत नव्हता हो! तेच हात का हे, असं वाटून माझं वाचायचं राहून जाई.

त्या दिवसांत माझे सोळा सोमवार चालू होते. रेणूसाठीच धरले होते. दिवसभर उपास, दुपारी उकाडा, वर पंखा. सोमवारी यादीच्या मध्यावर आले की माझी मान पडायचीच! रेणू हाक मारायची, "आई?" मग पुन्हा एकदा, "आई?" दोनदा ओ आली नाही की माझे हात उचलून माझ्या मांडीवर ठेवायची, खुर्ची अलगद मागे ओढायची, म्हणजे कपाळ भिंतीवर आपटू नये. "आय हॅव कंट्रोल," असं काहीतरी पुटपुटायची आणि दोघांचं काम एकटीच करत राहायची.

मला जाग आली की मी दचकून विचारायची, "उतरलो का गं?"

"कधीच!"

•

रेणू शिकायला गेली आणि मी देवीला बोलले, "माये, माझ्या पोरीचं इंजिन कधी बंद पडू देऊ नको. ती पास होईस्तोवर मी वांगं खाणार नाही." वऱ्हाडातल्या बाईनं वांगं सोडणं म्हणजे काय, ते आपल्या माणसांना सांगायला नको!

वर्गातला अभ्यास झाला, सिम्युलेटर सुरू झालं. चौथ्या की पाचव्या दिवशी फोन आला. रेणूचा आवाज पडलेला. "आई, आज काहीच झालं नाही. उड्डाण करताना इंजिन बंद पडलं तर काय करायचं, ते शिकवणार होते. तर सिम्युलेटरच बिघडलं!"

मी नवस सांगून टाकला. ती म्हणाली, "आई, इंजिन बंदच पडलं नाही, तर मी शिकू काय?"

गुरुवारी मी मंडळात कबूल केलं. वाटलं, बायका हसतील. शोभाताई मात्र गंभीरपणे म्हणाली, "देवीनं बरोबर आयकलं. तुलेच मांगता नाई आलं!"

मग सगळ्यांनी मिळून नवा नवस सांगितला. कुसुमकाकू पुढे, आम्ही मागून. "माये, इंजिन रोज बंद पाड. कधी डावं पाड, कधी उजवं पाड. पन पोरीचा हात हलू देऊ नको!"

आयुष्यभर मी देवाकडे एकच मागत आले होते, संकट येऊ नये. त्या दिवशी पहिल्यांदा संकट मागितलं. हात जोडलेले होते आणि अंगावर काटा आला होता.

शुक्रवारी सिम्युलेटर दुरुस्त झालं. संध्याकाळी फोन. "आई! आज तीनदा बंद पडलं! तिन्ही वेळा सरळ ठेवलं मी!"

लगेच पेढे आणले. इंजिन बंद पडल्याचे पेढे वाटणारं मंडळ अख्ख्या जिल्ह्यात आमचंच असेल!

•

आणि मग सिम्युलेटरमधल्या परीक्षेचा दिवस आला. तिथे नापास झालं तर जादा तास घ्यायचे, त्याचे पैसे वेगळे. ते आमच्याकडे नव्हते, हे रेणूला माहीत होतं. जाताना फोनवर एवढंच म्हणाली, "आई, वांग्याची भाजी चिरून ठेव."

मी चिरली नाही. देव्हाऱ्यापुढे बसून राहिले. यांनी त्या दिवशी कचेरीतून चक्क रजा घेतली आणि अंगणातली एकच कुंडी चार वेळा हलवली.

चारच्या सुमारास फोन वाजला. "पास!" यांनी फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः वांगी आणायला गेले.

"इंजिन बंद पाडलं का गं त्यांनी?"

"पाडलं ना. त्याचं काही नाही वाटलं. पण आई, नंतर एक गंमत झाली. विमान खाली आणत होते. डाव्या खुर्चीत एक सीनियर कॅप्टन, मागे परीक्षक सर बसलेले. मी कॅप्टनला काहीतरी विचारलं, तर उत्तरच नाही. मान खाली. परीक्षक सरांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, बेशुद्ध पडल्याचं सोंग करा म्हणून. मला काय माहीत!"

"अगं बाई! मग?"

"मग काय. दोनदा हाक मारली. त्यांचे हात उचलून मांडीवर ठेवले, खुर्ची मागे सरकवली, आणि उतरवलं विमान."

"आणि सर काय म्हणाले?"

"सर म्हणाले, इथे भले भले गडबडतात. शेजारचा गप्प झाला, हेच त्यांना लवकर कळत नाही. तू एक क्षणही घालवला नाहीस. भीती नाही वाटली?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, नाही सर. माझी कॅप्टन दर सोमवारी अशीच झोपायची!"