नकाशातलं ठाणं

ब्रह्मपुरीच्या सायबर कॅफेत मशीन दुरुस्तीला येणाऱ्या भाऊंनी मला वाचवलं, हे आधी सांगतो. मी तिथे कामाला होतो. भाऊ कधी खुर्चीत बसत नसत. उभ्यानेच काम करत आणि अडलेल्या मशीनला बैलासारखं म्हणत, "चाल ना बाप्पा!" बंदुकीचा खेळ नेटवर लावून नागपूरच्या पोरांशी जोडून दिला तो त्यांनीच. खेळासाठी नवा नकाशा बनवायलाही त्यांनीच शिकवलं. शाळा अर्ध्यावर सुटलेला, घरापासून लांब आलेला मी दुसरं काय काढणार? आमच्या भामरागडची नदी काढली, पूल काढला, पुलाजवळचं पोलीस ठाणं काढलं.

एकदा खेळात पोरं त्या ठाण्यावर गोळ्या झाडत असताना माझ्या मागे खराखुरा शिपाई येऊन उभा राहिला.

"हे ठाणं कोनं बनवलं बे?"

माझं गाव कळलं की नक्षल्यांचा समजून हा मला उचलणार, हे मला ठाऊक होतं.

भाऊ पहिल्यांदाच खुर्चीत बसले, तेही मला उठवून माझ्याच.

"मी बनवलं साहेब. निस्ता खेळ होय. बसा, ठाणं तुमीच सांभाळा."

शिपाई हसला नाही. पडद्यावरचं ठाणं नीट पाहून निघून गेला. तो रस्त्यापार होईपर्यंत भाऊ माझ्या खुर्चीतून उठले नाहीत.

त्यांच्यावर कधी अशी वेळ आली, तर त्यांच्या जागी मी जाऊन बसेन.