कोरड्या पायरीवरचा पाय

माझ्या मेहुण्यानं मला फसवलं. कराडच्या घाटावर, हातात बेल-भंडारा घेऊन, कृष्णेला साक्ष ठेवून त्यानं शब्द दिला की आपली मुलगी तो माझ्या मुलाला देईल. आम्ही दोन वर्षं थांबलो. मग त्यानं ती सांगलीच्या एका कारकुनाला दिली आणि आम्हाला लग्नाची पत्रिका टपालानं पाठवली. सख्ख्या बहिणीला टपालानं.

हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढं ज्या दोन माणसांबद्दल लिहिणार आहे ती फार चांगली माणसं होती, आणि त्यांच्याबद्दल वाचता वाचता कुणाला वाटायला नको की माझा राग गेला. राग गेलेला नाही.

मी हेडी. बैल घ्यायचे, बैल विकायचे. लहानपणी दुसऱ्याचे बैल हाकत बाजारोबाजार हिंडलो आणि तिशीत माझ्या दावणीला स्वतःचे बैल बांधले. मला कुणी काही दिलेलं नाही. आमचा सौदा तोंडानं होत नाही. टॉवेलाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबायची, आकडा त्यात. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नाही. पण एकदा बैलाच्या पाठीवर थाप मारली की सौदा झाला. मग तासाभरानं कुणी जास्त द्यायला आला तरी मागं फिरायचं नाही. मी भांडतो, शिव्या देतो, घासाघीस करून समोरच्याला घाम फोडतो, ते सगळं थाप मारायच्या आधी. थाप मारल्यावर मी कधी फिरलेलो नाही, आणि ही गोष्ट मेहुण्याला पक्की ठाऊक होती.

मेहुणा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. पलटणीत हवालदार होता. आफ्रिकेत डाव्या गुडघ्यात गोळी लागली आणि पेन्शन घेऊन घरी आला. इंग्रजी बोलायचा, त्यामुळं गावात मान होता. सगळे त्याला हवालदारच म्हणत, मीही.

दुसऱ्या महायुद्धाचा तो शेवटचा हिवाळा. उंब्रजच्या पुढं हमरस्त्यावर एका लष्करी ट्रकच्या चाकांचा आस मोडला. ट्रकमध्ये दोन गोरे, बंगलोरकडं विमानांचं सामान घेऊन निघालेले. त्या दिवसांत आमच्या भागात इंग्रजांविरुद्ध चळवळ पेटलेली, गोऱ्यांच्या गाडीला बैल जुंपणं सोपं नव्हतं. चार ठिकाणी जाऊन सांगावं लागलं की हे इंग्रज नव्हेत, अमेरिकन आहेत, यांचं आपलं काही वैर नाही. मग चार बैलजोड्या लावून मी तो ट्रक कराडपर्यंत ओढत आणला. मलकापूरला एक मुसलमान मिस्त्री होता, हातात जादू असलेला. तो म्हणाला, आस नवा घडवायला पाच दिवस लागतील. पाच दिवस ते दोघे माझ्या पडवीत राहिले. हवालदार दुभाषा.

पहिल्याच संध्याकाळी माझं डोकं फिरलं. बायकोनं लढाईच्या टंचाईत जपून ठेवलेली साखर काढून चहा केला आणि दोघांनीही कप हातात न घेता मान हलवली. घरी आलेला पाहुणा चहाला नाही म्हणतो म्हणजे काय? मी हवालदाराला म्हटलं, यांना विचार, आमच्या घरचं पाणी चालत नाही का.

हवालदारानं विचारलं. त्यांच्यातला थोरला, चाळिशीकडं झुकलेला, उन्हानं भाजलेल्या शेतकऱ्याच्या हातांचा माणूस होता. त्यानं शांतपणे सांगितलं की ते मॉर्मन आहेत. येशूला मानतात, पण त्यांचा पंथ वेगळा. चहा, कॉफी, तंबाखू, दारू त्यांनी सोडलेली असते. घरचं पाणी आनंदानं चालेल, दूध असलं तर त्याहून बरं.

"सोडली म्हंजे, कुणी सोडाय लावली?" मी विचारलं.

"त्यो म्हंतोय, देवाला शब्द दिलाय."

मी हसलो. बाजारात शब्द देणारे मी रोज बघत होतो. पण बायकोनं दूध आणून दिलं आणि दोघांनी ते पिऊन तिला हात जोडले. बरे जोडले, शिकवल्यासारखे.

मी माणसाची परीक्षा घेतल्याशिवाय राहत नाही. बैलाचे दात मालक सांगतो म्हणून मी मानत नाही, जबडा उघडून बघतो. दुसऱ्या दिवशी थोरला मिस्त्रीकडं गेला असताना मी धाकट्याला एकटा गाठला. पंचविशीचा पोरगा, बोटांवर तंबाखूचे जुने पिवळे डाग. त्याच्यापुढं विडी धरली. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यानं विडीकडं बघितलं, फार वेळ बघितलं, मग हसून ती माझ्याच ओठांत ठेवली आणि काडी ओढून पेटवून दिली. त्याला ओढावीशी वाटत होती, हे मला स्वच्छ दिसलं. तिथून मी त्याला मानायला लागलो.

तिसऱ्या दिवशी खरी गोष्ट कळली. धाकटा जन्मानं त्या पंथातला नव्हता. थोरल्याच्या संगतीत तीन महिन्यांपूर्वी त्यानं ठरवलं होतं आणि त्याचा बाप्तिस्मा व्हायचा राहिला होता. ट्रक पोचवला की त्याला ब्रह्मदेशाच्या बाजूला जायचं होतं. तिथून परत येऊ की नाही, याची त्याला खात्री नव्हती. तिकडं जायच्या आत शब्द पुरा द्यायचा, एवढंच त्याच्या मनात होतं. थोरल्याला तो विधी करायचा अधिकार होता. लागत होतं फक्त पाणी, माणूस पुरा बुडेल एवढं, आणि माझ्या घरापासून दहा मिनिटांवर कृष्णा-कोयनेचा संगम होता.

मी विचारलं, पाणी कपाळाला लावून भागत नाही का? मिरजेकडचे ख्रिश्चन तर तसंच करतात असं ऐकलं होतं. थोरला म्हणाला, आमच्यात नाही. आणि तान्ह्या मुलाचा तर बाप्तिस्माच करत नाही. आठ वर्षांचा झाल्यावर, आपण काय कबूल करतोय हे कळल्यावर. मग त्यानं कबूल काय करायचं ते सांगितलं, आणि हवालदारानं ते मला मराठीत सांगितलं. माणूस म्हणतो, आजपासून तुझं नाव माझ्यावर. तुझ्या आज्ञा पाळीन. दुसऱ्याचं ओझं माझं समजून उचलीन, रडणाऱ्याजवळ बसून रडेन. आणि देव म्हणतो, मग मीही तुला सोडणार नाही. दोन्ही बाजूंचा करार. आणि तो एकदा करून विसरायचा नाही. दर रविवारी भाकरीचा तुकडा नि पाण्याचा घोट घेऊन पुन्हा आठवायचा.

करार म्हटल्यावर मला समजलं. मी म्हटलं, "मग साक्षीदार?"

थोरल्याला प्रश्न आवडला. दोन लागतात, म्हणाला, खरं तर आमच्यातलेच. इथं कुणी नाही. तुम्ही दोघे बघा. काय बघायचं तेही त्यानं सांगितलं. सगळा माणूस पाण्याखाली गेला पाहिजे. केस नाही, बोट नाही, कपड्याचं टोक नाही, काही वर राहता कामा नये. राहिलं तर पुन्हा करायचं.

कपडे पांढरे हवे होते. माझं धुतलेलं धोतर आणि सदरा धाकट्याला दिला. धोतर नेसायला मीच शिकवलं, आणि त्या कामात आम्ही दोघेही हसून बेजार झालो.

पौषातली सकाळ. नदीवर धुकं. दोघे छातीभर पाण्यात उतरले. मी गुडघाभर पाण्यात उभा राहिलो, हवालदार पायरीवर, गार पाण्यानं त्याचा गुडघा ठणकायचा म्हणून. थोरल्यानं उजवा हात वर केला, धाकट्याचं पुरं नाव घेतलं, दोन वाक्यं बोलला आणि त्याला पाठीवर आडवा करून बुडवला. धोतरात हवा शिरली होती. ते पाण्यावर तंबूसारखं फुगून राहिलं. हे सगळ्यांनाच दिसलं. थोरला स्वतःच हसला आणि म्हणाला, चला, पुन्हा.

दुसऱ्यांदा धोतर चापून धरलं. धाकटा खाली गेला, वर आला, तोंडावरचं पाणी निपटत आमच्याकडं बघायला लागला. हवालदार पायरीवरून इंग्रजीत म्हणाला, झालं, छान झालं.

मी म्हटलं, "न्हाई. उजव्या पायाचा अंगठा वर हुता."

"आवं दाजी, जाऊ द्या की. पोरगं गारठलंय."

"तुला दिसला का न्हाई?"

"दिसला. पर अंगठाच तर हाय."

मी थोरल्याला हातानंच अंगठा दाखवला आणि मान हलवली. मला वाटलं, थंडीत तिसऱ्यांदा बुडवायला लावतो म्हणून तो चिडेल. धाकट्याचे ओठ निळे पडले होते. पण धाकटाच चालत माझ्यापर्यंत आला, माझा हात हातात घेऊन काहीतरी बोलला, आणि परत आत गेला. तिसऱ्या वेळी सगळा गेला. पाणी त्याच्यावरून मिटलं आणि क्षणभर नदीवर काहीच नव्हतं.

वर आला तेव्हा रडत होता की पाणी होतं, मी सांगू शकत नाही. मी घरून किटलीत चहा आणला होता, पुन्हा परीक्षा म्हणून नव्हे, त्याची कुडकूड बघवेना म्हणून. त्यानं कप घेतला, दोन्ही तळहातांत धरून हात शेकले, आणि भरलेला कप तसाच माझ्या हातात परत दिला. मी तो चहा प्यालो. माझ्या आयुष्यात एवढ्या मानानं मी काही प्यालेलो नाही.

वाटेत मी हवालदारामार्फत थोरल्याला विचारलं, अंगठा वर राहिला असता तर तुमच्या देवानं तेवढा अंगठा वगळला असता काय? तो मोठ्यानं हसला. मग थांबून जे बोलला ते हवालदारानं आपल्या तोंडानं मला सांगितलं, म्हणून आपण ते ऐकलंच नव्हतं असं हवालदाराला म्हणता येणार नाही.

"त्यो म्हंतोय, देव अंगठं मोजत न्हाई. ज्याला समदं द्यायचं हाय, त्योच बघतो काय ऱ्हायलं का. ऱ्हायलं तर परत बुडायचं. ऱ्हायलं म्हून सुटका न्हाई."

दोन दिवसांनी आस बसला. जाताना धाकट्यानं माझं धोतर स्वतः धुऊन, घडी करून बायकोच्या हातात दिलं. पुढं त्यांचं काय झालं मला ठाऊक नाही. तो पोरगा जिवंत असावा असं मला वाटतं, आणि नसेल तर त्याचा करार पुरा झालेला होता.

लढाई संपल्यावर पुढच्या हिवाळ्यात हवालदार स्वतःहून माझ्याकडं आला. मामाची मुलगी भाच्याला, आमच्यात ही जुनीच रीत. मुलगी चांगली, सातवी शिकलेली, आणि माझ्या मुलाला ती लहानपणापासून माहीत होती. मुलगा त्या दिवशी बैलांना पाणी पाजताना शीळ घालत होता. हवालदार म्हणाला, दोन वर्षं थांबा, पोरगी अजून लहान आहे. उंब्रजहून मुलाला चांगलं स्थळ आलेलं होतं. ते मी सोडायचं तर मला शब्द पक्का हवा होता. आपण घाटावर जाऊन बेल-भंडारा उचलू, असं हवालदारच म्हणाला.

गेलो. त्याच पायऱ्या. रीत अशी की दोन्ही पाय पाण्यात आणि ओंजळीत बेल नि भंडारा. मी जोडे काढून उतरलो. त्यानं उजवा बूट काढला, उजवा पाय पाण्यात घातला, आणि डावा पाय बुटासकट कोरड्या पायरीवर ठेवला. म्हणाला, "दाजी, गुडघा लय ठणकतोय ओ."

मी चालवून घेतलं. घरचा माणूस, गोळी लागलेला पाय. बैलाचा जबडा उघडल्याशिवाय पुढं न जाणारा मी, तिथं मी दया केली. त्यानं शब्द दिला. मी उंब्रजच्या स्थळाला नकार कळवला.

दोन वर्षांनी पत्रिका आली. मी तसाच सांगलीला गेलो. लग्न होऊन गेलं होतं, मांडवाचे वासे काढत होते. मी ओरडणार होतो, चार लोकांत त्याची अब्रू काढणार होतो, बसमध्ये सगळं जुळवून ठेवलं होतं. हवालदारानं मला बाजूला नेलं. आवाज चढवला नाही. म्हणाला, पोरीला पगारदार नवरा मिळाला, जन्मभर शेणात हात घालायची पाळी गेली. बापाच्या जागी उभं राहून बघा. हे मी एकवेळ ऐकून घेतलं असतं. पण पुढं तो म्हणाला,

"आन् दाजी, त्या अमेरिकन गड्याचा अंगठा वर ऱ्हायला तवा झालं न्हाई म्हनून तुमीच म्हनाला न्हवं? मग माझा तर सबंध पाय भाईर हुता. आपलं बी झालंच न्हवतं."

मी तसाच वळलो.  त्याच्या बोलण्याला उत्तर परतीच्या बसमध्ये बसल्यावर सापडलं, आणि ते त्यानंच मला मराठीत सांगितलेलं होतं: ऱ्हायलं तर परत बुडायचं, ऱ्हायलं म्हून सुटका न्हाई.

मुलगा पुढच्या आठवड्यात सातारला जाऊन पलटणीत भरती झाला. जाताना बैलांच्या पाठीवरून हात फिरवून गेला. मी त्याला काय सांगणार होतो? तुझ्या मामाचा पाय दुखत होता?

बायको तेव्हापासून माहेरी गेलेली नाही.

तू हुशार आहेस, हवालदार. एकाच नदीत एक पोरगा स्वतःचं काही राहू नये म्हणून तीनदा बुडाला, आणि ते बघून तू काय शिकलास, तर पळायला एक पाय बाहेर ठेवायचा. मुलगी आता तिच्या घरची झाली, सुखात राहो, ती मी मागत नाही. पण मुलगा रजेवर येणार आहे. त्या दिवशी तू कराडला ये. बूट काढ, दोन्ही पाय पाण्यात घाल, ठणकू दे गुडघा. तुझी बहीण आणि तुझा भाचा समोर असतील. मला काही सांगू नकोस. त्या दोघांना सांग, त्या दिवशी गुडघा खरंच दुखत होता, की पाय बाहेर ठेवायचं घरूनच ठरवून आला होतास?