सुनेच्या मापाचा ओटा

मायाक्काच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट बसली की ती काढायला पहार लागते, असं तिचा नवरा श्रीमंत म्हणायचा. तो एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. चार वर्षांपूर्वी गेला बिचारा, नाहीतर गेल्या दिवाळीत तिच्या डोक्यात जे बसलं ते काढायला तोच कामी आला असता. बसलं काय, तर म्हणे सून राहिली नाही ती ओट्यामुळं.

झालं होतं असं. मुलगा शिवराज, एकुलता एक, पुण्याला नोकरीला. सून प्रियदर्शनी, तीही नोकरी करणारी, आणि उंचीला अशी की मायाक्काचं डोकं तिच्या खांद्याला लागतं. दिवाळीला पाच दिवस राहायचं म्हणून दोघं सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातल्या घरी आली. सुनेनं हौसेनं स्वयंपाकाला हात लावला. पण तो कडप्प्याचा काळा ओटा तिला फारच ठेंगणा. दुसऱ्या दिवशी कणीक मळताना ती हसत म्हणाली, "आई, तुमच्या ओट्यापुढं मी अर्धी वाकलेय. पाठ भरून आली बघा." आणि तिसऱ्या दिवशी दोघं निघाली. ऑफिसचं तातडीचं काम निघालं होतं, शिवराजनं तसं सांगितलंही होतं. पण सांगितलेलं ऐकेल ती मायाक्का कसली!

त्यात निघताना शिवराज गाडीच्या काचेतून बोलून गेला, "कंपनी घरून काम करू देणारे म्हणतात. तसं झालं तर इकडंच येऊन राहू की आम्ही." पोरं बोलून जातात. मायाक्का मात्र ते वाक्य रोज सकाळी चहाबरोबर काढून बघायची. एका माणसाचं घर म्हणजे सकाळी सातला सगळी कामं उरकलेली, आणि पुढं आख्खा दिवस पडलेला. संध्याकाळी ती टीव्ही लावायची तो बघायला नव्हे, घरात कुणीतरी बोलावं म्हणून.

तर ओटा बदलायचा, हे ठरलं.

जुना ओटा श्रीमंतनं करून घेतला होता. त्या दिवशी त्यानं तिला भिंतीशी उभं केलं, कोपरात हात दुमडायला लावला, आणि कोपराखाली एक वीत मोजून खडूनं रेघ मारली. त्या रेघेवर ओटा बसला. वीस वर्षं तिनं त्यावर परात ठेवून भाकरी थापल्या, पण पाठ कधी दुखली नाही.

अक्कलकोट रस्त्याला बसप्पाचं फरशीचं दुकान आहे. मायाक्का एकटीच रिक्षानं गेली. बसप्पानं आधी काळं ग्रॅनाइट दाखवलं. तिनं मान हलवली. सुनेच्या पुण्यातल्या घरी पांढरा ओटा होता, तसाच तिला हवा होता. "मग क्वार्ट्ज घ्या अक्का," बसप्पा म्हणाला. "ह्ये डोंगरातनं कापून आणलेलं न्हाय. दगडाचा चुरा आणि चिकट रसायन मिसळून कारखान्यात दाबून केलंय."

"म्हंजी थापलंय म्हणा की, भाकरीवानी."

"तसंच समजा. डाग शोषत न्हाय. फकस्त गरम तवा थेट ठेवायचा न्हाय, पिवळं पडतंय."

करड्या रेघांचा, संगमरवरासारखा दिसणारा तुकडा तिला भावला, पण भाव ऐकून तिनं हात मागं घेतला. बसप्पा माणूस समजूतदार. त्यानं मागच्या बाजूला नेलं. तिथं एका डॉक्टरच्या बंगल्यातनं उरलेले दोन तुकडे भिंतीला टेकून उभे होते. पांढऱ्यात बारीक तपकिरी ठिपके, कोंडा न चाळलेल्या ज्वारीच्या पिठासारखे. उरलेला माल म्हणून निम्म्या भावात. फक्त एक सांधा येणार होता. "सांधा शेगडीखाली दडवतो, कुणाला दिसायचा न्हाय," बसप्पा म्हणाला.

आता मायाक्का मंगळवेढ्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिच्या बापानं आयुष्यात एक मेंढरू नुसतं बघून घेतलं नाही. तिनं दोन्ही तुकड्यांच्या पाठीवरून तळहात फिरवला, कडा नखानं चाचपल्या, खाली बसून मागची बाजूही पाहिली. मग कमरेची पिशवी सोडून बिरोबाचा हळदीचा भंडारा काढला, थोड्या पाण्यात कालवला आणि दगडाला बोटं लावली.

बसप्पानं हात जोडले. "पूजा घरी करा की अक्का, अजून घेतला बी न्हाय."

"पूजा बी हुती आन् परीक्षा बी हुती," मायाक्का म्हणाली, आणि तिथल्याच स्टुलावर अर्धा तास बसून राहिली. मग पदरानं पुसलं. हळद निघाली, दगड पांढरा तो पांढराच. बसप्पा हसला. तीही हसली. बऱ्याच दिवसांत तिच्याबरोबर कुणी हसलं नव्हतं, म्हणून तिनं त्याला उगाच आणखी दोन प्रश्न विचारले, ज्यांची उत्तरं तिला ठाऊक होती.

चौथ्या दिवशी भिमा मिस्त्री आला. जुना ओटा फोडायच्या आधी त्यानं टेप काढली आणि विचारलं, "मावशी, उंची कुणाच्या मापानं?"

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. दिवाळीतच तिनं बघून ठेवलं होतं, फ्रिजच्या हँडलचं खालचं टोक आणि सुनेचं कोपर अगदी एका रेषेत येत होतं. पण ऐनवेळी तिला वाटलं, एकदा विचारलेलं बरं. तिनं शिवराजला फोन लावला.

"मिस्त्री विचारतोय, ओटा कुणाच्या मापाचा करायचा?"

"कुणाच्या म्हणजे? तुझ्याच की, आई," शिवराज म्हणाला. मागं कुणीतरी त्याला हाक मारत होतं. "तिथं तूच तर राहणार आहेस. चल, मीटिंग आहे."

मायाक्कानं फोन ठेवला. भिमा टेप घेऊन थांबला होता. तिला सगळं कळलं होतं, ती काही खुळी नव्हती. पण आपल्या मापाचा ओटा करायचा म्हणजे सून येणार नाही हे आपणच दगडात लिहून दिल्यासारखं होतं. ते तिच्या हातून होईना.

ती फ्रिजपाशी गेली, हँडलच्या टोकावर बोट ठेवलं. "कोपर हितं. आता हितनं खाली एक वीत घाला."

भिमानं तिच्याकडं बघितलं, मग बोटाकडं. "मावशी, तुमाला लई उंच हुईल. बसवल्यावर कमी करायचा म्हणलात तर दगड सलग निघायचा न्हाय, तुटंल."

"लेकानं सांगितलंय," मायाक्का म्हणाली.

ओटा झाला. देखणा झाला. शेजारची चंद्रव्वा बघून गेली, सांधा कुठं आहे ते तिलाही सापडलं नाही. पण पहिल्याच दिवशी भाकरी थापायला घेतली तर परात छातीशी आली. वरून हाताचा दाब पडेना, भाकरीच्या कडा चिरू लागल्या. चार दिवसांत खांदे भरून आले. महिन्याभरानं शिवराजनं कळवलं की कंपनीनं सगळ्यांना ऑफिसात बोलावलंय, घरून कामाचं आता काही नाही. "बरं," मायाक्का म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं माळ्यावरनं पाट काढला. श्रीमंत त्यावर जेवायला बसायचा, तो उंच पाट. त्याला पाय लावायचा म्हणून तिनं आधी हात जोडले, मग ओट्यापुढं ठेवून वर चढली आणि भाकरी थापायला घेतली. ओटा बरोबर कोपराखाली एका वितीवर आला. श्रीमंत गेल्यापासून त्या दिवशी ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली, पाटावर उभ्या उभ्या, पिठाच्या हातांनी.

पुढच्या रविवारी सकाळी शिवराजचा व्हिडिओ कॉल आला. तिनं फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला आणि थापणं चालू ठेवलं. पडद्यावर ती कमरेच्या वरची तेवढी दिसत होती, पुढं पांढरा ओटा.

"प्रियदर्शनी, बघ गं, काय मस्त दिसतोय," शिवराज म्हणाला. "आणि आई, मी म्हटलं होतं ना? तुझ्या मापानं केलास ते बरं झालं. किती बरोबर उंचीवर आलाय."

"व्हय," मायाक्का म्हणाली. "तू म्हणलास तसंच केलं."

भाकरी तव्यावर टाकायची राहिली. तवा दोन पावलांवर होता, आणि तिथं जायला पाटावरून उतरावं लागलं असतं. ती बोलत राहिली, हवापाणी विचारत राहिली, आणि फोन बंद होईपर्यंत तिथनं हलली नाही.