आत्याचा पूल

मांडवात आल्यावर आत्या पहिलं काम करायची ते भोंगा बंद करायला लावण्याचं. "तो मेला बोंबलत ऱ्हायला तं देवाला माजा कसा आयकू येल?" असं म्हणत ती पाटावर बसायची, पदर खोचायची आणि डोळे मिटून पहिली ओळ उचलायची. ती ओळ मांडवाच्या शेवटच्या बांबूपर्यंत पोचायची. मागे चहाच्या चुलीशी बसलेली माणसंसुद्धा गप्पा थांबवायची.

आत्या आमच्या जूचंद्र गावची धवलारीण होती. आम्हां आगऱ्यांच्या लग्नात भटजी त्यांचे मंत्र म्हणतातच, पण मांडवाची मेढ रोवण्यापासून नवरीची पाठवणी होईपर्यंत प्रत्येक विधीचं एक गाणं असतं. त्याला धवला म्हणतात, आणि तो म्हणणारी ती धवलारीण. धवला झाल्याशिवाय हळद लागत नाही. हे सगळे धवले आत्या तिच्या सासूकडून शिकली. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचे यजमान मिठागरावर साप चावून गेले. मूलबाळ नव्हतं. सासूने तिला माहेरी धाडलं नाही, रोज संध्याकाळी समोर बसवून एकेक धवला पाठ करून घेतला. सासूचे त्या वेळचे शब्द आत्या पुष्कळदा सांगायची : "रांडवलेल्या बाईला मांडवान कुनी घेत नाय. पन धवलारनीला मांडवातून कुनी काडत नाय."

सासू गेल्यावर बाबांनी मोठ्या बहिणीला घरी आणलं. मी तेव्हा शाळेत होते. आत्या आली आणि आमचं घर एकदम मोठ्याने बोलायला लागलं. तांदूळ निवडताना, सुकट भाजताना, अंगण सारवताना ती गुणगुणत असायची. मात्र लग्नातले धवले घरात पूर्ण म्हणायची नाही. अर्ध्यावर तोडायची. "लग्नाबिगर पुरा बोललू तं देव उगाच उटून बसल," म्हणायची.

तिचे दात पडले ते हातपंपामुळे. पंप नेहमीचाच, पण त्या दिवशी दांडा हातातून निसटून उसळला आणि तिच्या तोंडावर बसला. वरचे मधले दात गेले. जखम भरली, पण स म्हटला की शीळ वाजायची आणि फ म्हणताना नुसती हवा जायची. भर लग्नसराई होती. बोलावणं आलं की आत्या आतूनच सांगायची, "मना ताप हाय." शेवटी बाबा तिला वसईच्या दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. सोबत मीही गेले. डॉक्टर तरुण आणि बोलके होते. त्यांनी समजावलं, "मावशी, आपण ब्रिज बसवू. गेलेल्या दातांच्या जागी नवे, आणि दोन्ही बाजूंचे तुमचे दात त्यांना धरून ठेवतील."

"ब्रिज काय, पूल म्हना ना सरल," आत्या म्हणाली. "म्हंजे मधले गेले, त्यांचा भार शेजाऱ्यांनी उचलायचा. आमचे गावासारखाच हाय मंग!"

पूल बसला आणि आत्या पुन्हा मांडवात बसली. ती पुढची काही वर्षं तिची सर्वांत आनंदाची असावीत. नायगाव, चंद्रपाडा, अगदी खाडीपलीकडून तिला न्यायला टेम्पो यायचे. परतताना तिच्या ओटीत नारळ आणि अंगाला हळदीचा वास असायचा.

मग एकदा वालाच्या शेंगा सोलताना ती मधेच थांबली, जीभ वरच्या दातांकडे नेली आणि मला म्हणाली, "बाय गो, पूल हाल्ला." डॉक्टरांनी तो काढला, साफ केला आणि परत चिकटवला. त्यांचा चेहरा मात्र पूर्वीसारखा हसरा नव्हता. ज्या दोन दातांवर सगळा भार होता त्यांच्या हिरड्या मागे सरत चालल्या होत्या. आत्या वर्षानुवर्षं मिश्री लावायची, तेही त्यांनी ओळखलं. मिश्री तिने त्या दिवशी सोडली, खरंच सोडली, पण तोवर उशीर झाला होता. गाण्याआधी जिभेने पूल चाचपायची सवय तिला त्यानंतर लागली. कडक खाणं तिने बंद केलं. भाकरी दुधात कुस्करून खायची. कुणी तरी तिला बाजारातला गोंद लावायला सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी हात जोडले : "मावशी, तसलं काही करू नका. सुटला तर तसाच घेऊन या. आणि गाताना गिळला जायची भीती आहे, तेवढं सांभाळा." आत्या हसून म्हणाली, "गिलला तं पोटान बसून गाईल."

तो सुटला तो आमच्या शेजारच्या रमेशदादाच्या हळदीत. तिन्हीसांजेची वेळ. नवरदेव पाटावर बसलेला, आत्याचा आवाज वर चढलेला. एक लांब स्वर घेताना तिचा हात झटकन तोंडाकडे गेला, पण तोवर पूल समोरच्या हळदीच्या ताटात पडला होता. पोरांच्या घोळक्यातून हसू फुटलं आणि कुणी तरी ओरडलं, "आता डीजे लावा रे!"

आत्याने ताटातून पूल उचलला, पदराला पुसला, कनवटीला लावला. मग तिने तुटलेली ओळ तिथूनच पुन्हा धरली. शब्द फाटत होते, शिट्ट्या वाजत होत्या. पोरं अजून हसत होती. तेव्हा रमेशदादाची आई उठून तिच्याशेजारी येऊन बसली आणि येईल तसं तिच्या मागोमाग म्हणू लागली. मग तिची जाऊ आली, मग माझी आई. धवला पूर्ण झाला. हळद लागली. आत्या पाटावरून उठली ती कुणाशी न बोलता घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

आधाराचे दोन्ही दात आता काढावेच लागणार होते. शेजारचे दातही डळमळीत झाले होते. डॉक्टरांनी वरचे सगळेच दात काढून कवळी बसवली. दिसायला छान होती. पण गाताना ती टाळूवरून सुटायची, स्वर वर गेला की खट् आवाज यायचा. आत्याने घरात दार लावून पुष्कळ प्रयत्न केला. बाहेर ओट्यावर बसून आम्ही ऐकायचो, एकच ओळ, पुन्हा पुन्हा, आणि मधेच ते खट्. एक दिवस ती बाहेर आली आणि बाबांना म्हणाली, "हा आवाज माजा नाय रं. त्या डबीचा हाय." त्यानंतर तिने गुणगुणणंही सोडलं.

गावानेही तिला विसरायला फार वेळ घेतला नाही. भाताच्या शेतांत इमारती उभ्या राहत होत्या, हळदीला मोठमोठे स्पीकर येत होते. कुणी बोलावलंच तर आत्या जायची आणि मांडवाच्या कडेला, जिथे चपला काढतात तिथे बसायची. आई म्हणायची, "आक्का, पुडं या ना." ती मान हलवायची. सासूचे ते शब्द तिने पुन्हा कधी सांगितले नाहीत.

माझं लग्न ठरलं तेव्हा नालासोपाऱ्याच्या सासरच्यांना धवल्यांचं काही पडलं नव्हतं, पण बाबांनी दुसऱ्या गावची धवलारीण सांगून ठेवली. आत्यानेच तिचं नाव सुचवलं होतं. हळदीच्या दिवशी दुपारी मी मागच्या पडवीत गेले. आत्या एकटीच नारळ खवत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "आत्या, पाठवणीचा धवला तूच म्हण. मांडवात नको. इथंच म्हण."

"मना नाय येत आता."

"येईल तसा म्हण."

ती बराच वेळ नारळच खवत राहिली. मग हात पुसले, तोंडातली कवळी काढून पाण्याच्या वाटीत ठेवली, आणि पाठ भिंतीला टेकून गायला लागली. तो तिच्या सासूच्या घरचा धवला होता, दुसऱ्या कुणाकडे नव्हता. शब्द मला जवळजवळ कळले नाहीत. 'बाय' कळलं, 'खाडी' कळलं. बाकी नुसता हवेचा, ओठांचा आवाज. पण सूर कुठेही हलला नाही. तिने तो अर्ध्यावर तोडला नाही, शेवटपर्यंत म्हटला. मग खवलेल्या नारळाचं ताट माझ्याकडे सरकवत म्हणाली, "जा, आत ने. नाय तं खोबरा ईटल."

पुढल्या पावसाळ्यात ती तापाने गेली. मी पोचले तेव्हा बायका तिला न्हाऊ घालून उठल्या होत्या. एका काकूच्या हातात कवळी होती. "तोंड बसलंय गो, लोकं बगतील. लावू का?" असं ती सगळ्यांना विचारत होती. बाबा दाराशी उभे होते. बहिणीबद्दल त्यांना फारसं बोलता यायचं नाही, तेव्हाही आलं नाही. "नको लावूस," एवढंच म्हणाले, "तिला बोचायची ती." मग पुढे होऊन त्यांनी कवळी काकूच्या हातातून घेतली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

अलीकडे माझ्या भावाच्या मुलीचं लग्न झालं. पाठवणीच्या वेळी आईने माझ्याकडे पाहिलं आणि मी तो धवला म्हटला. जसा ऐकला होता तसाच म्हटला, कारण तसाच येतो मला. मांडवातल्या एका म्हाताऱ्या बाईने नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "बाय, सूर वलखीचा वाटला, पन शबुद काय गो त्याचे?"

मला सांगता आले नाहीत.