कुंपणाबाहेरच्या सगुणाबाई

सगुणाबाई गेल्याचा निरोप दवाखान्याच्या शिपायानं मी शिकवते त्या शाळेत आणून दिला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "कशानं?" तो म्हणाला, "हिवतापानं." मला ते खरं वाटेना. संशय घ्यायची माझी खोड जुनी... आणि त्या खोडीचा सगळ्यांत जास्त जाच ज्या बाईला झाला, तिच्याविषयीच आज महिन्याभरानं लिहिते आहे.

मुंबईच्या एका इस्पितळात त्या कर्करोगाच्या रोग्यांच्या नर्स होत्या. नवरा वारल्यावर माहेरी कर्जतला आल्या आणि तिथल्या दवाखान्यात लागल्या. आठवड्यातून दोनदा चालत आमच्या कडावला येत, मामंजींच्या गालाची जखम धुवायला. तंबाखूनं गाल आतून खाल्ला होता. वास असा, की भाऊबंद ओटीवरूनच माघारी फिरत. सगुणाबाई मात्र त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन त्यांचं बोलणं ऐकून घेत.

मग पटकीची साथ आली. दवाखान्यातली सगळी माणसं सुया टोचायला गावोगाव पांगली. गालाची, गळ्याची, छातीची दुखणी कोण बघणार? सगुणाबाईंना खालापूरकडची गावं नेमून दिली होती. तरी त्या वाट वाकडी करून आमच्याकडे येत. गावात कुजबुज सुरू झाली, की हीच बाई पटकी घेऊन हिंडते. माझं पोर तेव्हा अंगावर पीत होतं. मी कुंपणाशी आडवी उभी राहिले.

"तुमी आत येऊ नका, बाई."

"बरं गं, नाय येत," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत, याचाही मला संशयच आला. बाहेर उभं राहून, स्वतःच्या गालावर बोट फिरवून त्यांनी मला जखम धुवायला शिकवलं. अफूच्या गोळ्यांची पुडी कुंपणावरून दिली. "लईच दुखलं तर एक. दोन नाय."

शेजारीण म्हणाली, साथीत म्हाताऱ्यांना असंच औषध देऊन मोकळं करतात. मी पुडी भाताच्या कणगीत लपवली. आठ दिवस मामंजी भिंतीवर मूठ आपटत राहिले. ओरडायला त्यांना तोंड उघडत नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी सगुणाबाई आल्या. बाहेरूनच त्यांनी तो आवाज ऐकला.

"गोळ्या संपल्या का गं?"

"हो, दिल्या सगळ्या."

"खोटं बोलतेस. दिल्या असत्यास, तर भिंत वाजली नसती."

मी पुडी आणली. त्या म्हणाल्या, "यातली तुला वाटंल ती काढ." मी काढली. ती त्यांनी माझ्यासमोर गिळली आणि बाहेरच्या आंब्याखाली बसल्या. मी दारातून पाहत होते. हळूहळू त्यांची मान कलली, डोळे मिटले... तेव्हा मला वाटलं, माझंच खरं होतं! लाज वाटते, पण त्या क्षणी मला बरंही वाटलं.

उन्हं कलली, तेव्हा त्या उठल्या. पदर झटकला. "जिती हाय ना? आता त्यांना दे."

त्या दिवशी मामंजी झोपले. पुढे दोन महिने जगले. शेवटचे दिवस बरे गेले. पण ते आठ दिवस माझ्या पदरी पडले ते पडलेच. त्या दुपारी नेमलेल्या गावी का पोचला नाहीत, असा जाब दवाखान्यात सगुणाबाईंना विचारला गेला. त्यांनी सांगितलं, "झोप लागली." माझं नाव घेतलं नाही. मीही कधी माफी मागितली नाही. त्या भेटल्या की मुलाची चौकशी करत आणि मी घाईत असल्याचं दाखवी.

गेल्या आठवड्यात त्यांच्या खोलीवर गेले. ओट्यावर एक म्हातारा गालावर फडकं धरून बसला होता, शेजारी त्याची बायको. बाई गेल्याचं कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. मग मी जखम धुवायला पाणी उकळलं आणि म्हाताऱ्यासमोर बसले. बायकोनं माझं मनगट धरलं.

"तुमी कोण? हात धुतलं का?"

"धुतले."

"मी नाय बघितलं."

मी उठले आणि तिच्यासमोर साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. ती नीट बघत होती.

"आनिक एकदा," ती म्हणाली.

मी पुन्हा धुतले.