कोरड्या ड्रमाचं वजन

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. काटा दाखवतो तेवढंच खरं, असा माझा स्वभाव. घरी दूधसुद्धा मापून घेतो. तरी हे लिहितोय, कारण एक हिशेब अजून जुळलेला नाही...

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. तुमसरहून सिहोऱ्याकडे जाताना काही शेतकरी नाल्याचं सांडपाणी धानाला देत. ते मातीतून झिरपून खाली किती जातं, हे मोजणं आमच्या संशोधन केंद्राचं काम. त्यांच्यातल्याच दशरथजींच्या वावरातली माती थर न मोडता दोन लोखंडी ड्रमांत भरली होती. वावराशेजारच्या आमच्या शेडमध्ये ड्रम वजनकाट्यांवर, तळाला तोटी. एकाला नाल्याचं पाणी, दुसऱ्याला स्वच्छ.

"साहेब, मातीले काट्यावर काहून बसवलं? बजारात विकाची हाये का?" — दशरथजी नेहमी चिडवायचे.

मे महिन्यात ते अंथरुणाला खिळले. तोवर त्यांच्या विहिरीला नाल्याचा वास येऊ लागला होता. एका दुपारी त्यांचा मुलगा किसन तांब्याएवढा गडवा घेऊन शेडकडे धावत आला.

"साहेब, बुढ्याचं काही खरं नाही. पाणी मांगून रायला. विहिरीचं तोंडाशी नेलं त मान फिरवते. नळाचंबी नाही म्हणते, आपल्या वावराचंच पायजे... त्या साफ ड्रमातून द्या ना थोडं!"

त्या ड्रमाला होळीपासून पाणी दिलं नव्हतं. माती भेगाळलेली. मी तोटी उघडून दाखवली — थेंब नाही.

"कुठून देऊ रे, किसन?"

तो रिकामा गडवा घेऊन वळला. मीही मागे गेलो. मरणाऱ्याच्या तोंडात घोटभर पाणी घालणंही आमच्या हाती नव्हतं.

पोचलो तर दशरथजी गेले होते. ओठ, दाढी, उशी... सगळं ओलं. आणि चिखलणीच्या वेळी धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, येतो तसा वास.

"म्या नाही पाजलं," सून शेवंता किसनला म्हणाली. "तुमचीच वाट पाहून रायली होती. घोट गिळल्यावाणी गळा हालला, अन् मंग..."

संध्याकाळी परतल्यावर काटा पाहिला. आठवडाभर ज्याचं वजन बदललं नव्हतं तो कोरडा ड्रम सकाळपेक्षा गडवाभर पाण्याएवढा हलका होता. वजनं ठेवून काटा तपासला — बरोबर. तोटीखालची जमीन कोरडी.

तेरवीला किसनने हळूच विचारलं, "साहेब, बुढ्याले पाणी भेटलं ना?"

मी त्याला काट्यावरचा फरक सांगितला. नोंदवहीत ती घट अजून आहे; कारणाचा रकाना कोरा.