पक्क्या खोलीतली शेगडी

घरावर मजला चढवून भाड्यासाठी तीन खोल्या काढल्या तेव्हा सगळे मला विचारत, भाडेकरू कसे मिळतील याची काळजी वाटत नाही का? वाटत होती, पण त्याहून जास्त भीती वाटत होती ती न्हाणीघराची.

आमचं घर आळेफाट्यापासून थोडं आत, उसाच्या कडेला आहे. आम्ही स्वतः बरीच वर्षं अंगणातल्या बंबावर पाणी तापवलं. पलीकडच्या बांधावर बिबट्या दिसायला लागल्यावर मात्र अंधार असताना बंब पेटवायला जायला घरातलं कुणी तयार होईना. भाडेकरूंच्या बायकांनी जावं असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार? म्हणजे पाणी घरातच तापायला हवं होतं.

गीझरचा दुकानदार म्हणाला, "गॅसचा गीझर बसवा, राव. तोटी सोडली की कढत पाणी. लाइट असो नाहीतर नसो."

"त्याचा धूर कुठं जातो?"

"धूर? निळी जोत असतीया, धूर कुठला! तुमी बी कायच्या काय काढता."

या उत्तरानं मी जास्तच घाबरलो. धूर दिसला की माणूस खोकतो, बाहेर पळतो. न दिसणाऱ्यापासून कसं पळायचं? माझी न्हाणी चार फूट बाय पाच फूट, उंची आठ. एकशे साठ घनफूट हवा, तीही वाफेनं भरलेली. आत माणूस कडी लावून बसणार. मी गॅसचा विचार सोडला. सौर टाकीही सोडली, कारण इकडं भाड्यानं राहणारे गॅरेजवाले उजाडायच्या आत आंघोळ करून निघतात आणि थंडीत त्या वेळी टाकीतलं पाणी जेमतेम कोमट असतं. शेवटी प्रत्येक खोलीत पंधरा लिटरचा विजेचा गीझर बसवला. वायरमनकडून अर्थिंगचा खड्डा माझ्यासमोर खणून घेतला. जरा कुठं वीज झिरपली की आपोआप बंद होणारा स्विचही लावला, आणि गॅसचा गीझर कुणी बसवायचा नाही ही अट करारात घातली.

दहा बाय बाराच्या त्या खोल्यांत वरून स्लॅब तापतो, म्हणून गच्चीला चुना मारला आणि मोठ्या सरकत्या खिडक्या लावल्या. त्यांना रबराची पट्टी बसवली. दारावर जाळीचा झरोका ठेवला. खोली बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मी अभिमानानं सांगायचो, उन्हाळ्यात खिडकी उघडा, थंडीत लावून घ्या, वाऱ्याची झुळूकही आत शिरणार नाही.

कोपऱ्याच्या खोलीत एक तरुण जोडपं राहायला आलं. तो ट्रकच्या गॅरेजात मिस्त्री. तिचं माहेर डिंभ्याच्या बाजूला, धरणाच्या वर. पहिलं बाळंतपण खरं माहेरी व्हायचं, पण तिकडून एसटी कधी येईल त्याचा भरवसा नाही आणि दवाखाना लांब. म्हणून ठरलं की पोरीनं जायच्याऐवजी आईनंच इकडं यायचं.

मुलगी झाली ती ऐन थंडीत. वजनाला कमी. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं, बाळाला ऊब द्या, गार पडू देऊ नका. त्याच दिवशी आजी आली. मिस्त्रीनं तिचं सामान वर नेलं. एक सुतळीची बाज, कोळशाचं पोतं, ओवा-शेपांची गाठोडी आणि एक लोखंडी शेगडी.

शेगडी बघून मी म्हणालो, "ही वर नको." बायको म्हणाली, "बाळंतिणीला शेक द्यावाच लागतो. मलाही दिला होता तुमच्या आईनं."

"तेव्हा आपलं घर कौलारू होतं."

"मग?"

बाळंतपणाचं सुवेर असल्यामुळं मला त्या खोलीत जाता येत नव्हतं. मी वर जाऊन गॅलरीत उभा राहिलो. झरोक्यात गोधडीचा तुकडा कोंबलेला दिसला. हाक मारली तशी आजी दार किलकिलं करून बाहेर आली आणि तिनं ते लगेच पाठीमागं ओढून घेतलं.

"मावशी, शेगडी पेटवता तेव्हा खिडकी उघडी ठेवा. त्या कोळशाचा वायू होतो, बाधतो."

"भाऊ, मी पाच लेकरं काडली ह्याच शेगडीवं. एकाला बी बाधलं न्हाई."

"तुमच्या घराला कौलं आहेत. कौलातनं सगळं निघून जातं. हा स्लॅब आहे."

"म्हनूनच तर आले ना हितं! आमच्याकडं समद्या फटीतनं वारं येतं. जावई म्हनला, मालकाची खोली लई पक्की हाय, वारा शिरत न्हाई. मी म्हनलं, पोरीचं नशीब." तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी काही दानच केलं होतं. "वारं लागलं तं पोर सुजंल. बाळाला तं तुमाला म्हाईतीच हाय डाक्टर काय म्हनला."

बाळाला ऊब हवी हे खरं होतं. गीझरच्या पाण्यानं खोली तापत नाही हेही खरं. शेवटी झरोक्यातली गोधडी तशीच ठेवून खिडकी वीतभर उघडी ठेवायचं तिनं कबूल केलं. मी खाली आलो, पण त्या दिवसापासून माझा एक कान कायम वर असायचा. बाळ रडलं की जीव भांड्यात पडायचा. शेजारी लेकराच्या रडण्यानं वैतागतात. मी मात्र त्याची वाट बघायचो.

एका सकाळी उत्तरेचं बोचरं वारं सुटलं. मिस्त्री कामावर गेला होता. बायको वर धिरडी द्यायला गेली आणि काळजीत परत आली.

"पोरीचं डोकं ठणकतंय म्हणे. मावशींनाही मळमळतंय. म्हणतात दृष्ट लागली. काल कोण कोण बघायला येऊन गेलं ना."

"खिडकी?"

"मी दारातनंच आले. आत अंधार होता."

तेवढ्यात वरून मिरच्यांचा वास आला. आजी मीठ-मोहऱ्या, मिरच्या ओवाळून त्याच शेगडीत टाकत होती. डोकं शेगडीनं दुखत होतं आणि त्यावर उतारा म्हणून निखारे फुलवले जात होते. मी जिना चढायला लागलो. बायको मागून म्हणाली, "अहो, थांबा, मी जाते."

गॅलरीत काही आवाज नव्हता. बाळही रडत नव्हतं.

बायकोनं दार वाजवलं. "मावशी! ओ मावशी!"

आतून आवाज आला, जड, झोपेतल्यासारखा. "येती... येती..."

पण कुणी आलं नाही. पुन्हा वाजवलं, तर तेही उत्तर येईना. दाराला आतून कडी होती. दाराशेजारच्या खिडकीची काच गजांमागं गच्च बसलेली. मीच निवडलेली ती रबराची पट्टी तेव्हा माझ्या बोटांना फट सापडू देत नव्हती. गच्चीच्या जिन्याखालून पहार आणून मी काच फोडली. आतून गरम हवेचा लोट तोंडावर आला. त्याला मिरच्यांचा खकाणा होता, ओव्याचा वास होता, बाकी ज्याची भीती होती त्याला वास नव्हता. गजातून हात घालून बायकोनं दाराची कडी काढली. तिचं मनगट कापलं, ते आम्हाला नंतर कळलं.

सुवेर कुठलं आणि काय! मी आत शिरलो. आजी शेगडीपाशी भिंतीला टेकून बसली होती, डोळे अर्धे उघडे. पोरगी बाजेवर. बायकोनं बाळाला उचलून गॅलरीत धाव घेतली. मी आधी पोरीला ओढत बाहेर आणलं, मग आजीला. आजी वजनानं काहीच नव्हती.

बाळ बायकोच्या हातात मऊ पडलं होतं. ती त्याचे तळवे चोळत होती, नाव ठेवलं नव्हतं म्हणून नुसतं "बाई, ए बाई" म्हणत होती. वाऱ्यानं त्याच्या अंगावरचं फडकं उडत होतं. ज्या वाऱ्याला सगळे भीत होते तोच आता त्याच्या तोंडावर यावा म्हणून मी बाजूला सरकलो. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. एरवी मी प्रत्येक गोष्ट मोजतो. मग बाळानं तोंड वेडंवाकडं केलं आणि बारीक, चिडका आवाज काढला. बायको खाली बसली ती तिथंच.

दवाखान्यात तिघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी मिस्त्रीला सांगितलं, बंद खोलीतल्या कोळशाचा वायू. आणखी थोडा उशीर झाला असता तर... मिस्त्री काळे हात तसेच घेऊन भिंतीशी उभा होता. तो एवढंच म्हणाला, "काका, मी रोज गाड्यांचा धूर ओळखतो, आणि घरातला..."

तिघी वाचल्या. पण परत आल्यावर आजी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकीना.

"हे घर न्हाई, भाऊ. डबा हाय, झाकनाचा. मी पोरीला घिऊन जाती. आमचं फुटकं बरं."

आता मी उलट्या बाजूनं घाबरलो. तिच्या घरी फटीफटीतून वारं, दोन किलोंच्या जवळपास असलेलं बाळ, आणि काही झालं तर एसटीची वाट बघत धरणाच्या काठावर उभं राहायचं. मी म्हणालो, विजेचा हीटर आणतो, आतलं तेल विजेनं तापतं, त्यात आग नसते. आजीनं विचारलं, "इस्तू न्हाई तं ऊब कुठून येनार? आन लाइट गेली म्हंजे?" तिचं दुसरं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्याकडं वीज केव्हा जाईल याचा नेम नाही.

बाळंतिणीनं बाळाला पदराखाली घेतलं. ती म्हणाली, "आये, मी हितंच ऱ्हाती. दवाखाना जवळ हाय. शेगडी भाईर ठिव. फडकी तिथं गरम कर आन आत आन."

"आन दार?"

"उघडं."

"वारं लागंल गं."

"लागू दे. त्या दिवशी वारं लागलं म्हनून तर जागी झाली ती."

आजीनं उंबरा ओलांडला. मग तिनं शेगडी उचलून गॅलरीच्या टोकाला नेऊन ठेवली.

हीटर मी आणला. वीज असली की तो चालतो. वीज गेली की आजी शेगडीवर फडकी आणि तव्यावर विटा तापवते, विटा फडक्यात गुंडाळून बाजेखाली सरकवते. दार तिनं खरोखरच लावलं नाही. उंबऱ्यात पाट टाकून ती वाऱ्याकडं पाठ करून बसते, खांद्यावरची घोंगडी दोन्ही बाजूंनी पसरते, म्हणजे हवा आत जाईल पण बाळाच्या अंगावर सरळ झोत जाणार नाही. तिची स्वतःची पाठ गारठून जाते. बायकोनं तिला किती वेळा सांगितलं, आमच्याकडं येऊन जरा पड. ती हलत नाही.

मलाही राहवत नाही. सकाळी दूध घेऊन आलो की मी जिन्याच्या अर्ध्यावर जाऊन थांबतो आणि ऐकत राहतो. आज बाळाचा आवाज नव्हता. माझी चाहूल लागली तशी आजी मान न वळवता म्हणाली,

"कोन, भाऊ का?"

"हो. बाळ..."

"मांडीवं झोपलंय. मी हात ठिवलाय छातीवं. चालतीया. जावा तुमी, चा घ्या."

मी खाली आलो. चहा पुढं आला तरी कान वरच होते.